आफ्रिकी रानकुत्र्यांची सफारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेत सफारीला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या मनात सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पाच नावे आधीपासून पक्की असतात. रानकुत्र्याचे नाव त्यांत क्वचितच असते, आणि जो कोणी ते आवर्जून घेतो त्याला बहुतेक वेळा "दिसला तर दिसला" एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर मला पटत नाही. योग्य प्रदेश, योग्य महिना आणि एकाच ठिकाणी पुरेसे दिवस या तीन गोष्टी जमवल्या, तर हा दुर्मीळ प्राणी दिसण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यासाठी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आफ्रिकी रानकुत्रा आणि ताडोबात दिसणारा रानकुत्रा एकच आहेत का?

नाहीत. ताडोबा, पेंच, मेळघाट किंवा नागझिरा येथे तांबूस अंगाचा आणि काळसर झुपकेदार शेपटीचा जो रानकुत्रा दिसतो, तो वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याला आपल्याकडे कोळसून असेही म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्यांनी हे मराठी नाव आवर्जून नोंदवले होते, आणि दख्खनचेच नाव त्याच्या शास्त्रीय नावात घातले होते. पुढे ते शास्त्रीय नाव मागे पडले, कोळसून हे नाव मात्र टिकले.

आफ्रिकी रानकुत्रा, म्हणजे लायकॉन पिक्टस, ही लायकॉन या वंशातली (इंग्रजीत जीनस) एकुलती एक जिवंत प्रजाती आहे. त्याचे कान मोठे आणि वाटीसारखे गोल असतात, पाय लांब व सडपातळ असतात, आणि अंगावर काळ्या, पिवळसर, तपकिरी व पांढऱ्या रंगांचे असे डाग असतात की कोणत्याही दोन कुत्र्यांची नक्षी एकसारखी नसते. शेपटीचा शेंडा बहुधा पांढरा असतो आणि उंच गवतातून पळताना तोच सर्वांत आधी नजरेत भरतो. पाळीव कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूस वर चढलेले एक पाचवे बोट असते; या प्राण्याला ते नसते, चारच बोटे असतात. पाळीव कुत्र्याशी त्याचा संकर होत नाही. गंमत अशी की, १८२० मध्ये टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने याला तरस समजून तरसांच्या गटात घातले होते.

ज्यांनी ताडोबात कोळसुनांची टोळी पाहिली आहे, त्यांना आफ्रिकेतील टोळीचे वागणे ओळखीचे वाटेल. एकत्र शिकार करणे, पिल्लांना सर्वांनी मिळून वाढवणे, खेळताना एकमेकांच्या अंगावर पडणे हे दोघांतही आहे. आवाज मात्र वेगळे आहेत: कोळसून शीळ घालतो, तर आफ्रिकी रानकुत्रा पाखरांसारखा चिवचिवतो आणि टोळीपासून तुटला की घुबडासारखा लांब, मऊ घुमारा काढतो.

वाइल्ड डॉग, पेंटेड डॉग, पेंटेड वुल्फ ही वेगवेगळ्या प्राण्यांची नावे आहेत का?

सगळी एकाच प्राण्याची नावे आहेत. पिक्टस या लॅटिन शब्दाचा अर्थच "रंगवलेला" असा होतो. झिम्बाब्वेतील संवर्धक "पेंटेड डॉग" हे नाव जाणीवपूर्वक वापरतात, कारण "वाइल्ड डॉग" म्हटले की गावाबाहेर मोकाट सुटलेली कुत्री डोळ्यांपुढे येतात आणि मोकाट कुत्र्याला गोळी घालताना कोणी फारसा विचार करत नाही. टांझानिया व केनियात स्वाहिलीत त्याला "म्बवा म्विटू" म्हणतात, आणि झिम्बाब्वेतील शोना भाषेत "म्हुम्ही". स्थानिक गाईडला ही नावे सांगून विचारल्यास संभाषण लवकर जुळते.

हे प्राणी आता किती उरले आहेत?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अंदाजानुसार साऱ्या आफ्रिकेत मिळून सुमारे ६,६०० प्रौढ रानकुत्रे आहेत, आणि त्यांपैकी प्रजननक्षम म्हणून गणले जाणारे सुमारे १,४०० आहेत. हा फरक मोठा दिसतो, पण त्याचे कारण टोळीच्या रचनेत आहे: एका टोळीत बहुधा एकच जोडी पिल्ले देते आणि बाकीचे प्रौढ त्या पिल्लांना वाढवतात. १९९० पासून ही प्रजाती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

संख्या घटण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण सफारीत हा प्राणी विरळ का दिसतो याचे उत्तर त्यातच आहे. एका टोळीला फिरण्यासाठी शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो, त्यामुळे मोठ्यात मोठे उद्यानही थोड्याच टोळ्यांना पुरते. उद्यानाची हद्द ओलांडली की गुरे, रस्ते, पाळीव कुत्र्यांकडून येणारे रेबीज व डिस्टेंपर हे रोग, आणि हरणांसाठी लावलेले तारेचे फासे यांच्याशी गाठ पडते. पूर्वीच्या काळात तर सरकारी यंत्रणाच त्यांना उपद्रवी ठरवून मारत असे. राखीव जंगलांतील रक्षकही त्याला अपवाद नव्हते.

फक्त रानकुत्रे पाहायचे असतील तर कोणता देश निवडावा?

माझ्या मते पहिली पसंती उत्तर बोट्स्वानाला द्यावी. ओकाव्हांगो त्रिभुज प्रदेश, त्यातील मोरेमी अभयारण्य, त्याच्या उत्तर कडेचे ख्वाई, आणि त्यापुढे लिन्यांती व क्वांडो हा सगळा पट्टा एकमेकांना जोडलेला आहे, आणि टोळ्यांना कुंपणाविना हिंडता येते. येथे १९८९ पासून रानकुत्र्यांचा सलग अभ्यास चालू आहे, त्यामुळे गाईडांना टोळ्यांची चांगली माहिती असते. हा प्रदेश खर्चिक आहे, हे आधीच सांगायला हवे. ख्वाईसारख्या गावकऱ्यांनी चालवलेल्या क्षेत्रात तंबूची सफारी घेतल्यास खर्च काहीसा आटोक्यात येतो.

झिम्बाब्वेतील माना पूल्स ही दुसरी, आणि अनेकांच्या मते सर्वांत मनात राहणारी जागा आहे. झांबेझी नदीच्या काठी मोठमोठ्या झाडांखाली मोकळी सपाट जमीन आहे, झुडपे कमी आहेत, आणि येथे परवानाधारक गाईडबरोबर पायी चालता येते. येथील काही टोळ्या बबून माकडांची शिकार करायला शिकल्या आहेत, जी इतरत्र फारशी आढळत नाही. त्याच देशातील ह्वांगे उद्यानातही रानकुत्रे आहेत, पण तेथील झाडी दाट असल्याने शोध जास्त घ्यावा लागतो.

झांबियातील साउथ लुआंग्वा येथे रात्रीच्या फेरीची परवानगी असते आणि गाईडांचे प्रशिक्षण कडक असते. पूर्व आफ्रिकेत जायचे असेल तर दक्षिण टांझानियाकडे वळावे: जुन्या सेलू अभयारण्याचा मोठा भाग वेगळा करून २०१९ मध्ये घोषित झालेले न्येरेरे राष्ट्रीय उद्यान, आणि पश्चिमेकडील रुआहा. सेलूचा हा प्रदेश आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या सर्वांत मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यान स्वतः गाडी चालवून पाहता येते, आणि ज्यांना खर्च मोजून करायचा आहे त्यांच्यासाठी तोच सर्वांत सोपा मार्ग आहे. क्रूगर प्रचंड मोठे आहे आणि त्यात रानकुत्रे काही शेकड्यांतच आहेत, तेव्हा तेथे संयम लागतो. माडिक्वे हे कुंपणाचे राखीव क्षेत्र मलेरियामुक्त आहे आणि तेथे १९९० च्या दशकात रानकुत्रे आणून सोडले गेले. मोझांबिकमधील गोरोंगोसा येथे २०१८ मध्ये त्यांचे पुनर्वसन झाले. तेथील जंगल यादवी युद्धानंतर पुन्हा कसे उभे राहिले हे पाहण्यात ज्यांना रस आहे त्यांनी तिकडे जावे.

आमची सहल मसाई मारा आणि सेरेंगेटीची ठरली आहे. तेथे रानकुत्रे दिसतील का?

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक सहली याच दोन ठिकाणी जातात, म्हणून याचे उत्तर स्पष्ट देणे आवश्यक आहे: तेथे रानकुत्रे दिसतील या भरवशावर जाऊ नये. सेरेंगेटीच्या मोकळ्या गवताळ भागातील टोळ्या १९९१ मध्ये नाहीशा झाल्या. रोगराईचा त्यात मोठा वाटा होता. शिवाय सिंह आणि तरस जेथे फार दाट असतात तेथे रानकुत्र्यांना टिकणे अवघड जाते. सिंह त्यांना दिसताच मारतो, आणि तरस त्यांची शिकार हिसकावून घेतात. २०१२ पासून काही टोळ्या सेरेंगेटीच्या पश्चिम भागात आणून सोडण्यात आल्या, आणि माऱ्यातही अधूनमधून एखादी टोळी येऊन जाते, पण त्यावर सहलीची आखणी करता येत नाही.

केनियातच राहायचे असेल तर माऱ्याऐवजी उत्तरेकडील लायकिपियाच्या पठारावर चार दिवस द्यावेत. २०१७ मध्ये डिस्टेंपरच्या साथीने तेथील टोळ्यांची दाणादाण झाली होती. त्यानंतर रानकुत्रे हळूहळू पुन्हा दिसू लागले. तेव्हा निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी गेल्या काही आठवड्यांत टोळी दिसली आहे का, हे विचारून घ्यावे.

कोणत्या महिन्यांत जावे?

या प्रश्नाचे उत्तर या संपूर्ण पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. एरवी टोळी एका रात्रीत कुठल्या कुठे निघून जाते. आज सकाळी दिसलेले कुत्रे संध्याकाळी वीस किलोमीटर दूर असू शकतात. वर्षातून एकदाच, सुमारे तीन महिने, टोळी एका जागी बांधली जाते, आणि ते म्हणजे पिल्लांचे दिवस. आफ्रिकेच्या दक्षिण भागात पिल्ले बहुधा मेच्या अखेरीपासून जूनच्या दरम्यान जन्मतात. गर्भकाळ सुमारे ७० दिवसांचा असतो आणि एका वेळी दहाच्या आसपास पिल्ले होतात. टोळी बहुतेक वेळा आर्डवार्क या बिळे खणणाऱ्या प्राण्याचे जुने बीळ निवडते. आई पिल्लांपाशी थांबते आणि बाकीचे शिकारीला जाऊन परत येतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात टोळी नेमकी कोठे आहे हे गाईडांना ठाऊक असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिल्ले टोळीबरोबर पळू लागतात. हा काळ मला अधिक आवडतो. बीळ सुटलेले असते, माणसांच्या उपस्थितीने काही बिघडण्याची भीती कमी झालेली असते, पाणवठे मोजकेच उरलेले असतात, गवत वाळून खाली बसलेले असते, आणि पिल्ले थकून मागे पडतात म्हणून टोळीचा वेगही कमी असतो. ऊन मात्र कडक असते. झांबेझीच्या खोऱ्यात ऑक्टोबर अंगावर येतो.

नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत गवत उंच असते, चिखलाने रस्ते बंद होतात, माना पूल्स आणि लुआंग्वाच्या खोऱ्यातील अनेक तळ बंदच असतात. या काळात केवळ रानकुत्र्यांसाठी जाऊ नये. विषुववृत्तालगतच्या लायकिपियात पिल्लांचा ठरावीक हंगाम नसतो, म्हणून तेथे हे गणित लागू पडत नाही.

जुनी पुस्तके किंवा जुन्या नोंदी वाचून महिना ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. बोट्स्वानातील तीस वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तापमान वाढत गेले तशी पिल्ले जन्मण्याची वेळही दर दशकाला सुमारे आठवड्याने, म्हणजे एकूण सुमारे २२ दिवसांनी, पुढे सरकली आहे. कुत्रे वर्षातला सर्वांत थंड काळ गाठण्याचा प्रयत्न करतात, परंतु पिल्लांचा बिळातील बराच काळ आता आधीपेक्षा जास्त उष्णतेत जातो आणि त्यामुळे त्यांतली कमी जगतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात जाण्यापेक्षा जुलै-ऑगस्ट धरणे अधिक सुरक्षित.

किती दिवस हवेत?

एका जागी किमान चार रात्री, शक्य असल्यास सहा. दहा दिवसांत चार देश आणि सात उद्याने करणारी सहल रानकुत्र्यांसाठी निरुपयोगी आहे, कारण टोळी जवळपास आहे असे कळेपर्यंत आपली निघण्याची वेळ झालेली असते. उलट एकाच परिसरात राहिल्यास पहिल्या दिवशी जुने ठसे, दुसऱ्या दिवशी ताजी विष्ठा, तिसऱ्या दिवशी पळणाऱ्या इम्पाला हरणांचा कळप अशा खुणा जुळत जातात आणि गाईडचा माग पक्का होतो.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

पहाट आणि सूर्यास्ताच्या आधीचे दोन तास. भर दुपारी टोळी सावलीत एकमेकांना खेटून झोपते आणि चांदण्या रात्री शिकारीलाही निघते.

येथे बहुतेक पर्यटकांची एक चूक होते. साडेतीन-चार वाजता झोपलेली टोळी सापडते, दहा मिनिटे फोटो निघतात, झोपलेल्या कुत्र्यांत पाहण्यासारखे काही नाही असे वाटून गाडी पुढे जाते. वास्तविक याच वेळी थांबायचे असते. ऊन उतरू लागले की एखादा कुत्रा उठतो, आळस देतो, दुसऱ्यापाशी जाऊन त्याच्या तोंडाला तोंड लावतो. तो उठतो, मग तिसरा. बघता बघता सगळी टोळी उभी राहते. कान मागे, डोकी खाली, शेपट्या वर, आणि चिवचिवाटाने आसमंत भरून जातो. एकमेकांच्या भोवती ते अशा वेगाने फिरतात की कोणता कोण हे कळेनासे होते.

यात एक विलक्षण गोष्ट ऐकू येते: शिंका. बोट्स्वानातील टोळ्यांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, जितक्या जास्त शिंका तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त. टोळीच्या प्रमुखाने सुरुवात केली असेल तर तीनेक शिंका पुरतात. खालच्या दर्जाच्या कुत्र्याने उठाव केला असेल तर सुमारे दहा लागतात. म्हणजे निघायचे की नाही याबाबत एक प्रकारचे मतदान होते, आणि त्यात धाकट्यांचेही मत मोजले जाते. गाडीचे इंजिन बंद ठेवून आणि बोलणे थांबवून ज्याने या शिंका मोजल्या आहेत, त्याला पुढे शिकार दिसली नाही तरी काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. मला तरी वाटले नाही.

शिकार पाहता येईल का? ती पाहवेल का?

शिकारीचा पाठलाग सुरू झाला की गाडीने सोबत राहणे अवघड असते. कुत्रे ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग घेतात आणि झुडपांत पांगतात. ते मैलोन्‌मैल पळवून सावजाला दमवतात, असे सर्रास सांगितले जाते. मोकळ्या मैदानात ते काही अंशी खरेही आहे. ओकाव्हांगोच्या झाडीत मात्र गळ्यातील पट्ट्यांनी टिपलेल्या नोंदींवरून वेगळे चित्र समोर आले: तेथे बहुतेक धावा छोट्या, तुटक आणि ज्याच्या त्याच्या असतात, प्रत्येक धावेला यशही कमीच मिळते, पण मारलेले सगळे मिळून खातात म्हणून टोळीचे पोट भरते.

पाहवेल का, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. सिंह किंवा बिबळ्या गळा धरतो. रानकुत्रे धरत नाहीत, ते सावज फाडतात. दृश्य भयंकर असते, तरीही मृत्यू बहुधा लवकर येतो. याच दृश्यामुळे गेल्या शतकात माणसांनी या प्राण्याला क्रूर ठरवले आणि मारले. त्याच शिकारीनंतर जे घडते ते फार थोड्यांनी पाहिले: त्या वर्षीची पिल्ले आधी खातात, मोठे बाजूला उभे राहून तरस येत नाही ना यावर लक्ष ठेवतात, आणि नंतर पोटातले मांस परत काढून बिळापाशी राहिलेल्या आईला, जखमी आणि म्हाताऱ्या सोबत्यांना भरवतात. मुलांना बरोबर नेत असाल तर दोन्ही गोष्टी त्यांना आधी सांगून ठेवाव्यात.

राष्ट्रीय उद्यानात जावे की खासगी क्षेत्रात?

बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत रस्ता सोडता येत नाही आणि सूर्यास्ताला तळावर परतावे लागते, तर रानकुत्र्यांची हालचाल नेमकी तेव्हाच रंगात येते. क्रूगरच्या पश्चिमेची साबी सँड, टिम्बावाटी यांसारखी खासगी क्षेत्रे आणि बोट्स्वानातील खासगी किंवा गावकऱ्यांची क्षेत्रे येथे गाडी रस्त्याबाहेर नेता येते व अंधारातही थांबता येते. क्रूगर आणि या क्षेत्रांमधले कुंपण १९९० च्या दशकात काढलेले असल्यामुळे प्राणी तेच असतात. पैसे मर्यादित असतील तर क्रूगरमध्ये चार दिवस स्वतःच्या गाडीने आणि शेवटच्या दोन रात्री खासगी क्षेत्रात, अशी विभागणी करता येते. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. सकाळी दार उघडताच निघावे, कारण थंडीत कुत्रे उबदार डांबरावर पडून राहिलेले अनेकदा सापडतात.

पिल्लांच्या बिळापाशी नेतात का? जावे का?

काही ठिकाणी नेतात, आणि हा प्रश्न मी हलकेपणाने घेऊ शकत नाही. जो काळ आपल्याला टोळी हमखास दाखवतो, त्याच काळात ती सर्वांत असुरक्षित असते. सारखा त्रास झाला तर आई पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या बिळात हलवते. त्या वाटेवर सिंह किंवा तरस गाठू शकतात. गाड्यांच्या चाकोऱ्या आणि माणसांचा वावर यांमुळेही इतर शिकारी प्राण्यांना बिळाचा ठावठिकाणा लागू शकतो.

चांगले गाईड पिल्ले काही आठवड्यांची होऊन स्वतः बाहेर येईपर्यंत तेथे कोणाला नेत नाहीत. नेल्यावरही एका वेळी एकच गाडी, बऱ्याच अंतरावर, इंजिन बंद, ठरावीक मिनिटे, आणि अंधार पडण्याआधी परत, एवढे नियम पाळतात. बिळाकडे पायी जाणे पूर्णपणे टाळावे. आरक्षण करतानाच "बिळाबाबत तुमचे नियम काय आहेत?" असे विचारावे; ज्यांच्याकडे नियम आहेत ते लगेच सांगतात. बिळावरून टोळी शिकारीला निघाली तर तिच्या वाटेत गाडी आडवी घालू नये आणि रात्री सावजावर दिवा टाकू नये.

रानकुत्रे माणसावर हल्ला करतात का?

रानात माणसावर हल्ला केल्याच्या विश्वासार्ह नोंदी जवळजवळ नाहीत. कुतूहलाने ते गाडीजवळ येतात, चाके हुंगतात, एखादे पिल्लू विसरलेली चप्पलही पळवते. तरीही गाडीतून उतरू नये, कारण ज्या झुडपात आपल्याला कुत्रे दिसतात त्याच्या मागच्या झुडपात म्हैस किंवा सिंहीण असू शकते. पायी सफारीत शस्त्रधारी गाईड सांगेल तसेच, एका रांगेत, वाऱ्याची दिशा पाहून चालावे.

फोटोसाठी काय न्यावे?

१०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स बहुतेक वेळा पुरेशी ठरते, कारण टोळी जवळ येते आणि मोठी स्थिर लेन्स अशा वेळी अडचणच करते. टेकवायला वाळूची किंवा धान्याची पिशवी, धुळीसाठी फडके, आणि पळत्या कुत्र्यांसाठी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जलद शटर ठेवावे. फ्लॅश वापरू नये.

एक विनंती मात्र प्रत्येकाला आहे. शक्य असेल तर प्रत्येक कुत्र्याचा डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा आणि तारीख व जागा लिहून ठेवावी. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे संशोधक अशा फोटोंवरून कुत्रे ओळखतात. क्रूगरमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पर्यटकांच्या फोटोंच्या आधारे गणना होत आली आहे.

मुंबईहून जाताना लसीकरण आणि मार्गाबाबत काय लक्षात ठेवावे?

मुंबईहून नैरोबी आणि अदिस अबाबा येथे थेट विमाने आहेत व तेथून पुढे दक्षिणेकडे जाता येते. बोट्स्वानासाठी बहुधा जोहान्सबर्गमार्गे माउन या शहराला पोहोचावे लागते. केनियासारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसल्यास विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. दक्षिणेकडील देशही अशा देशांतून येणाऱ्यांकडे ते मागतात, म्हणून नुसत्या विमान बदलाचा मार्गही तपासावा. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि पुढे आयुष्यभर चालते. माडिक्वे वगळता वर सांगितलेल्या बहुतेक ठिकाणी मलेरियाचा धोका असतो. प्रतिबंधक गोळ्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लहान मुलांना नेता येते का?

नेता येते, पण उघड्या गाडीच्या फेऱ्यांना अनेक तळांवर वयाची अट असते आणि पायी सफारीला ती अधिक कडक असते. लहान मुले असतील तर माडिक्वे सर्वांत सोयीचे.

आपल्या भेटीचा या प्राण्यांना काही उपयोग होतो का?

होतो, पण आपोआप नाही. ह्वांगेजवळ १९९२ मध्ये सुरू झालेला पेंटेड डॉग कन्झर्व्हेशन हा उपक्रम पाहण्यासारखा आहे. त्यांची पथके रोज जंगलात फिरून तारेचे फासे काढतात, जखमी कुत्र्यांवर उपचार करतात, आसपासच्या शाळांतील मुलांना शिबिरांना आणतात, आणि जप्त केलेल्या तारेपासून गावकरी प्राण्यांच्या आकृत्या घडवून विकतात. ह्वांगेला जाताना अर्धा दिवस तेथे द्यावा. गावकऱ्यांच्या क्षेत्रात मुक्काम केल्यास शुल्काचा वाटा तेथील लोकांना मिळतो, आणि रानकुत्र्याने शेळी मारली तरी त्याला जगू द्यायचे की नाही हे अखेरीस तेच लोक ठरवतात.

गळ्यात फासा अडकलेला किंवा लंगडणारा कुत्रा दिसला तर काय करावे?

लगेच गाईडला, आणि स्वतः गाडी चालवत असाल तर सर्वांत जवळच्या तळाच्या कार्यालयाला कळवावे. वेळ, रस्त्याचा क्रमांक किंवा जवळच्या पाणवठ्याचे नाव, टोळीत किती कुत्रे होते, ते कोणत्या दिशेने गेले आणि जखम कोठे आहे, एवढे नेमके सांगावे आणि दोन्ही बाजूंचे फोटो दाखवावेत. अशा कुत्र्याचा गाडीने पाठलाग करू नये. तो पळाला तर तार आणखी रुतते. जागेचा उल्लेख असलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. पशुवैद्य पोहोचून भुलीचे औषध मारेपर्यंत कधी दिवस, कधी आठवडा जातो, पण बरेच कुत्रे तोवर तग धरतात, कारण शिकारीला न जाऊ शकणाऱ्या त्या एकासाठी टोळी मांस घेऊन परत येते.